पाकिटातलं मत

“जेवायला बसलीस की तोंड फक्त घासासाठी उघडायचं. घर पेटलं तरी घास संपवायचा, चूळ भरायची आणि मग ओरडायचं.”

मतदान केंद्रावर मी डबा उघडला तेव्हा माझ्या सासूबाईंचा, माईंचा, हा आवाज नेहमीसारखा कानाशी आला. माईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण चातुर्मासातल्या प्रत्येक जेवणाला त्या माझ्या शेजारी बसून असायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढी एकादशीला त्यांनी मला हा नेम दिला. कार्तिकीपर्यंत जेवताना मौन. चुकून शब्द गेला तर ताट सोडायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. एकतीस वर्षांत मी एकदाही ताट सोडलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, हे कबूल करते.

विधानसभेची निवडणूक होती. कासारखोरे गावच्या प्राथमिक शाळेत केंद्र, आणि मी केंद्राध्यक्ष. मी स्वतः तालुक्याच्या शाळेत शिक्षिका. विधानसभा मला फळ्यावरची ठाऊक. सदस्य दोनशे अठ्ठ्याऐंशी, मुदत पाच वर्षं, एका मतदारसंघाचा एक आमदार. पण त्या एका आमदारासाठी खाली किती पाकिटं चिकटवावी लागतात, हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. तीन प्रशिक्षणं झाली. तिन्हींत तेच साहेब, तेच बाण काढलेले फळे. तिन्ही वेळा त्यांनी मला उठवून यंत्र जोडायचा क्रम विचारला आणि तिन्ही वेळा मागून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, आवाज!”

माझा आवाज मुळातच बारीक. वर्गातली पोरंसुद्धा मी बोलायला लागले की गप्प व्हायची, कारण नाहीतर काही ऐकूच यायचं नाही.

पहाटे चारला उठून शाळेच्या आवारातल्या तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या, जप केला, मग उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्राची चाचणी घेतली. सातला मतदान सुरू झालं. तेव्हापासून कुणाचं कार्ड घरी, कुणाची चिठ्ठी दुसऱ्या केंद्राची, कुणाला आत मोबाइल न्यायचाय, कुणाला बोटाला शाई नको कारण संध्याकाळी साखरपुडा. आणि या सगळ्यावर तोडकरांची बडबड.

तोडकर म्हणजे मतदान अधिकारी क्रमांक एक. कृषी खात्यातले कारकून. काम सोपं: मतदाराचं कार्ड बघायचं, यादीतला अनुक्रमांक आणि नाव मोठ्यानं पुकारायचं, लाल पेनाने त्या नावाखाली रेघ मारायची. पण हा माणूस प्रत्येक मतदाराशी सोयरीक जुळवल्यासारखा बोलायचा. “काय पाव्हणं, सोयाबीन काढलं का? शेंगेला कीड हाय का?” रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली तरी याचं आपलं कीडनियंत्रण चालू.

“तोडकर, रेघेकडे लक्ष द्या,” मी सकाळपासून चारदा म्हणाले होते.

“बाई, तुम्ही काही बोललात का? ऐकू नाही आलं.”

तर साडेबाराला मी डबा उघडला. निवडणुकीत जेवणाची सुट्टी नसते. खुर्चीतच, टेबलाच्या कोपऱ्यावर, पाठ थोडी वळवून जेवायचं. भाकरी, वरण, शेपूची भाजी. तोडकर माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर. मी आता अर्धा तास बोलणार नाही हे त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी हात जोडून “आमची धडगत नाही म्हणजे,” असं म्हणून घेतलं.

दोन घास झाले असतील. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली एक तरुण बाई आत आली. घामानं भिजलेली, कडेवर पोर. तोडकरांनी कार्ड हातात घेतलं, “येडगे का? येडग्यांची मेंढरं यंदा कुठं बसली?” असं काहीतरी विचारत यादीची पानं चाळली, पुकारलं आणि रेघ मारली.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून तोडकरांच्या पेनाकडे बघत राहिले. मग डावा हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही. मी टेबलावर बोटांनी टकटक केलं.

“काय बाई? पाणी?”

मी मान हलवली. यादीकडे बोट केलं.

“हां हां, चटणी!” त्यांनी यादीपलीकडे ठेवलेली स्वतःच्या डब्यातली लसणीची चटणी चमच्याने माझ्या ताटलीत घातली. “आमच्या मंडळींच्या हातची. घ्या, लाजू नका.”

मला चटणी नको होती. पण ती बाई तोवर पुढच्या टेबलावर गेली होती. तिनं रजिस्टरवर अंगठा उठवला, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. यंत्राचा लांबलचक ‘पीं’ ऐकू आला. पोराला घेऊन ती बाहेर पडली. मी लसणीची चटणी चातुर्मासात खात नाही. ती बाजूला सारली आणि जेवण पूर्ण केलं.

सव्वाचारला ऊन कलायला लागलं. मतदान पाचला संपणार. रांग नव्हती. दोन पक्षांचे प्रतिनिधी बाकावर पेंगत होते. एकाचं नाव गजाभाऊ, पांढरी टोपी, आवाज लाऊडस्पीकरसारखा. दुसरा दत्तू, कॉलेजातून नुकताच सुटलेला, गजाभाऊचं प्रत्येक वाक्य खोडून काढायला नेमलेला.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर गोंदण, नऊवारीचा काष्टा धुळीनं भरलेला. तिनं आधी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, देवळात शिरावं तसा.

“या आजी,” तोडकर खुलले. “एवढ्या उशिरा?”

“कोकरं कुनाकडं टाकायची? सून येऊन गेली, मग म्या निघालो. दीड तासाची उतरन हाय.” तिनं कनवटीची पिशवी सोडून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर कापड, त्यावर दोरा. “तानूबाई रामा येडगे. बघ, फोटू माजाच हाय.”

“तुमचाच आहे. बसा, दम खावा. कितव्यांदा मतदान?”

“पयल्यांदा.”

तोडकरांचं पेन थांबलं.

“दर खेपंला म्या उतरायला निगालो की खालनं निरोप यायचा. म्हातारे, येऊ नगंस, तुजं मत पडलं. कुनी टाकलं? कुनाला म्हाईत. मालक हुतं तवा त्ये म्हनायचं, पडलं न्हवं, मग झालं. आवंदा ह्यो फोटू दिला. म्हनलं आता माज्या तोंडाचं मत दुसरा कसा टाकंल?” ती हसली. पुढचे दात नव्हते. “येक सांग बाबा. त्या मम्बईच्या घरात किती जण बसत्यात?”

“दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार.”

“आन सरकार कुनाचं?”

“निम्म्याहून एक जास्त ज्याच्याकडे, त्याचं. एकशे पंचेचाळीस लागतात.”

“आन आमच्या हिथला आमदार?”

“सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो. मग एका मतानं जास्त का असेना.”

तानूबाईनं बोटांवर हिशेब केला. “म्हंजी तिथं बी येक, हिथं बी येक. तवाच खालची मानसं माजं येक सोडत न्हवती.”

गजाभाऊ मोठ्यानं हसले. “म्हातारी हुशार हाय! हिलाच उभी करा.”

“तुमच्यापेक्षा बरी,” दत्तू म्हणाला.

तोडकर यादी चाळत होते. एक पान उलटलं, परत मागे आले. मग त्यांची बडबड बंद पडली. मला दिवसभर हवी होती ती शांतता अशी आली.

“बाई,” ते माझ्याकडे वळून हळू म्हणाले, “यांच्या नावाखाली रेघ आहे.”

तानूबाईला वाचता येत नव्हतं, पण तिला ते कळलं. तिनं उठून यादीवर वाकून बघितलं. तिचा फोटो, पांढरे केस, गोंदण. त्याखाली लाल रेघ. शेजारच्या चौकटीत सुनेचा फोटो, सिंधू शिवाजी येडगे. त्याखाली काहीच नाही.

“पडलं?” तिनं विचारलं. “परत पडलं?”

बाकावरचे दोघेही खाडकन जागे झाले.

“बोगस!” दत्तू ओरडला. “यांच्या माणसांनी टाकलं!”

“आमच्या? आरं, सरळ हाय की. सुनेनं दुपारी सासूचं टाकलं, आता सासू सुनेचं टाकाय आली. धनगरवाड्याची युक्ती!”

“माज्या सुनंला बोलू नगंस,” तानूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गजाभाऊ गप्प बसले.

“तोडकर,” मी म्हणाले, “दुपारी सिंधूबाई आल्या होत्या ना?”

“आल्या असतील हो. येडगे नावाच्या पंधरा बायका आल्या. चारशे रेघा मारल्या मी.” त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. “माझ्याकडून चुकलं असेल. नसेलही. आठवत नाही, बाई, शपथेवर काय सांगू?”

दुसऱ्या टेबलावरच्या मुलीनं रजिस्टर पाहिलं. तानूबाईच्या अनुक्रमांकासमोर एक अंगठा. अंगठा काय बोलणार?

वस्तीवर सुनेला आणायला माणूस पाठवला तरी जाऊन येऊन तीन तास. हातात चाळीस मिनिटं. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. शाळेत रेंज एकाच जागी, उत्तरेच्या खिडकीच्या गजाला कान लावला की. तशी उभी राहिले. माझ्या मागे गजाभाऊ, दत्तू आणि त्यांच्या मागे तोडकर.

“हॅलो? रेळेकर मॅडम, जरा मोठ्यानं बोला!”

मी सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं.

“हे बघा,” ते वैतागून म्हणाले. त्यांनाही सकाळपासून चाळीस फोन आले असावेत. “चुकीच्या नावाखाली रेघ गेली असं म्हणताय ना? तुमच्यापैकी कुणी ती चुकीची रेघ मारताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय? पाहिली असेल तर तसं तुमच्या डायरीत लिहा, सहीनिशी. मी पंधरा मिनिटांत पोचतो, दुरुस्तीची नोंद करू, म्हातारीला यंत्रावर मत टाकू द्या. आणि कुणी पाहिलं नसेल तर प्रदत्त मत द्या, कागदी मतपत्रिका, पाकिटात. विषय संपला. पाहिलंय का कुणी?”

मी पाहिलं होतं.

हातात भाकरीचा तुकडा होता, समोर घामेजलेली तरुण बाई उभी होती, आणि तोडकरांचं लाल पेन पांढऱ्या केसांच्या फोटोखाली सरकलं होतं. एक शब्द पुरला असता. “थांबा.” दोन अक्षरं बोलायची आणि ताट सोडायचं, एवढंच. पण मी टकटक केलं, बोट दाखवलं, चटणी घेतली. मनात म्हटलं, घास संपवू, चूळ भरू, मग बोलू. चूळ भरून आले तोवर ती गेली होती. मग म्हटलं, जाऊ दे, सासू कुठली येते? त्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या कधी खाली येतात?

आणि आता डायरीत काय लिहायचं? ‘केंद्राध्यक्षांनी चूक होताना पाहिली, परंतु चातुर्मासाच्या नेमामुळे त्या बोलल्या नाहीत’? ते गजाभाऊंसमोर वाचून दाखवायचं? तालुक्याभर हसणं झालं असतं. दत्तूच्या पक्षानं फेरमतदान मागितलं असतं. खुलासा द्यावा लागला असता. नोकरीची चार वर्षं राहिली होती. हे सगळं गजाला कान लावून एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. माईंचा आवाज मात्र आला नाही. नको तेव्हा यायचा, हवा तेव्हा नाही.

“मॅडम? कुणी पाहिलंय का?”

“नाही साहेब,” मी म्हणाले.

हे मात्र त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं.

मी पाकीट काढलं. छापील मतपत्रिका काढली, मागे ‘प्रदत्त’ असं लिहिलं, यादीवर तानूबाईचा अंगठा घेतला, शिक्का हातात दिला. ती आडोशामागे गेली. बराच वेळ लावला. घडी घालून कागद घेऊन बाहेर आली आणि यंत्राकडे निघाली.

“तिथं नाही, आजी. इकडे द्या. या पाकिटात.”

“त्या डब्यात न्हाई जात?”

“नाही.”

“मग पाकीट कुनी फोडायचं?”

“निकालावर कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टानं सांगितलं तर.”

“आन न सांगितलं तर?”

मी पाकिटाला गोंद लावत होते. तोडकर उठून बाहेर गेले.

“तर तसंच राहतं,” मी म्हणाले.

मला वाटलं आता तानूबाई रडेल, शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं. ती म्हणाली, “पूर्वी निदान घरी बसून जायाचं. आवंदा दीड तास उतरलो.” मग शाई नसलेलं स्वतःचं बोट माझ्यासमोर धरलं. “ह्याला तरी लाव. सून इच्यारंल.”

मी शाई लावली. शाई नखावरून खाली ओघळली.

“पुढच्या खेपेला,” मी म्हणाले, “मी स्वतः वर येईन. तुम्हाला घेऊन खाली येईन. तुम्ही यंत्राचं बटण दाबल्याशिवाय मी पाणी पिणार नाही.”

“लई जणांनी लई सांगितलं, बाई.” तिनं कार्ड कापडात गुंडाळलं, दोरा बांधला. “पर तू हळू बोलतीस. हळू बोलनारं मानूस खोटं बोलत न्हाई म्हंत्यात.”

ती उंबऱ्याला हात न लावता गेली.

संध्याकाळी एसटीनं आम्ही यंत्र घेऊन तालुक्याला निघालो. सतरा लिफाफे माझ्या मांडीवर, त्यात ते एक पातळ पाकीट. तोडकर खिडकीकडे तोंड करून बसले होते. अर्ध्या रस्त्यात मला म्हणाले, “बाई, दुपारपासून काही खाल्लं नाही तुम्ही.” त्यांनी डबा उघडला, एक दशमी पुढे केली. मी घेतली. एक घास तोंडात घातला.

आणि तो घास तोंडात असतानाच मी बोलले. “तोडकर, मी पाहिलं होतं. रेघ तुम्ही म्हातारीच्या नावाखाली मारलीत. मी हात केला होता.”

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

“अहो,” ते म्हणाले, “मी चटणी वाढली हो तुम्हाला.”

ती दशमी मी त्यांना परत केली नाही, फेकलीही नाही. सगळी खाल्ली, बोलत बोलत खाल्ली. एकतीस वर्षांचा नेम त्या एसटीत मोडला आणि पुन्हा धरला नाही. जप आहे, तुळस आहे, एकादश्या आहेत. जेवताना मात्र मी बोलते. सून हसते, म्हणते, “आई, आधी गिळा तरी.”

निकाल लागला. आमदार अकराशे मतांनी निवडून आला. पाकीट कुणी फोडलं नाही. तोडकरांना लेखी ताकीद मिळाली. मी त्यांच्यासाठी खुलासा लिहून द्यायला निघाले तेव्हा त्यांनीच अडवलं. “पेन माझंच होतं, बाई. तुमचं राहू द्या.” मी राहू दिलं. म्हणजे मी दुसऱ्यांदा गप्प बसले, आणि या वेळी तोंडात घाससुद्धा नव्हता.

पाच वर्षांनी पुन्हा विधानसभा लागली तेव्हा मी निवृत्त झाले होते. तालुक्याच्या आठवडी बाजारात सिंधू लोकर विकायला बसलेली दिसली. मी विचारलं.

“हायत की,” ती म्हणाली. “डोळ्यानं कमी दिसतंय. पर रोज इच्यारत्यात, विलेक्शन लागलं का? ती बारीक आवाजाची बाई यायची हाय म्हंत्यात.”

मतदानाच्या दिवशी मी तीनला उठले. तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. सुनेनं चहा ठेवला होता, तांब्या भरून पुढे केला.

“परत आल्यावर,” मी म्हणाले.

“एवढं चढायचं, आई, घोटभर तरी घ्या.”

मी पिशवीत काठीच्या टोकाला लावायचं रबर, बॅटरी आणि तानूबाईच्या नव्या अनुक्रमांकाची चिठ्ठी घातली. पहिल्या एसटीनं कासारखोऱ्याला उतरले तेव्हा शाळेत दिवे लागले होते, चाचणी चालू असावी. शाळेवरून पुढे गेले. ओढा ओलांडला की वस्तीची वाट लागते.

खाली आणायच्या आधी तिला वर काय सांगायचं, ते ठरलेलं होतं. तीनच शब्द होते, त्या दिवशी फोनवर न बोललेले. चढणीला लागण्यापूर्वी मी थांबले, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं आणि ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितले. आवाज बरा निघाला. मग पदर खोचला आणि चढायला लागले.